चेहरा नसलेला कास्तकार

१९६० नंतरची पंचवीस-एक वर्षे वऱ्हाडातील अनेक घरांत सोव्हिएत संघराज्याचा परिचय प्रथम झाला तो वह्यांच्या कव्हरांमुळे. 'सोव्हिएत देश' या नियतकालिकाचा कागद गुळगुळीत, जाड आणि रंगीत असे, वर्गणी नाममात्र. अंक वाचून झाला की, आणि पुष्कळदा न वाचताच, जून महिन्यात त्याची पाने सुटी होत आणि मुलांच्या वह्यांवर चढत. अकोल्याच्या आमच्या घरी एका वर्षी गणिताच्या वहीवर उझबेकिस्तानातील कापसाचे शेत आले होते. डोक्याला रंगीत रुमाल बांधलेल्या बायका, ओंजळीत मावेनासा पांढराशुभ्र कापूस, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर हसू. घरातील एका वडीलधाऱ्या कास्तकाराने ती वही हातात घेतली, चित्र बराच वेळ निरखले आणि म्हटले, "बोंडं तं चांगले हायेत, पण भाव काय भेटते, थे नाही लिवलं."

हा शेरा म्हणजे एक परिपूर्ण कलासमीक्षा होती, हे उमजायला आम्हांला बरीच वर्षे लागली. चित्र सुंदर आहे हे त्याने नाकारले नव्हते. चित्र खोटे आहे असेही तो म्हणाला नव्हता. चित्राने काय सांगायचे टाळले आहे, एवढेच त्याने विचारले होते. आणि ज्याच्याविषयी चित्र होते त्याच्याच बाजूने विचारले होते.

हा प्रसंग आठवण्याचे कारण असे की, मराठीतील कलाविषयक लेखनाची भिस्त आजही मोठ्या प्रमाणावर इंग्रजी ग्रंथांवर आहे. मालेविच, तात्लिन, रॉद्चेन्को ही नावे आपल्यापर्यंत पोहोचली ती लंडन-न्यूयॉर्कच्या वाटेने. आणि नावांबरोबर त्या राज्याविषयीचे निवाडेही पोहोचले. या निवाड्यांचा माप कोणता, हे आपण क्वचितच तपासतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे : सोव्हिएत राज्याची स्तुती करणारे आणि त्याचा धिक्कार करणारे बहुतेक इंग्रजी कलासमीक्षक एकाच मापाने मोजतात, आणि ते माप म्हणजे कलावंताचे नशीब. कलावंताला वाव मिळाला तोवर राज्य आशादायक, कलावंताचा गळा दाबला गेला तेव्हापासून राज्य क्रूर. हे माप खोटे नाही. परंतु अपुरे आहे. ज्याला चित्रांत सर्वांत अधिक वेळा रंगवले गेले, तो शेतकरी या मापात बसत नाही.

आरंभ एका गाजलेल्या निबंधापासून करू. क्लेमंट ग्रीनबर्ग या अमेरिकन समीक्षकाचा 'अवाँ-गार्द अँड किच' हा निबंध १९३९ साली 'पार्टिझन रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकातील कलाविचारावर एवढा प्रभाव गाजवणारे निबंध थोडेच. त्यात ग्रीनबर्ग एका अडाणी रशियन शेतकऱ्याची कल्पना करतात. त्याला दोन चित्रांपुढे उभे करतात : एक पिकासोचे, दुसरे रशियन वास्तववादी चित्रकार इल्या रेपिन याचे, युद्धप्रसंगाचे. शेतकरी साहजिकच रेपिनकडे वळतो, कारण तेथे त्याला ओळखीचे जग दिसते, कथा दिसते, श्रमावाचून आनंद मिळतो. हुकूमशाही राजवटी स्वस्त आणि सोप्या कलेला का जवळ करतात, याची मीमांसा या कल्पनाचित्रावर उभी आहे.

पुढे १९७२ साली ग्रीनबर्ग यांनी एक प्रांजळ कबुली दिली. रेपिनने युद्धप्रसंगाचे चित्र कधी काढलेच नव्हते. दुसऱ्या कोणाचे तरी चित्र त्यांनी त्याच्या नावावर घातले होते. ही चूक त्यांनी मान्य केली, हे त्यांच्या मोठेपणाला साजेसेच झाले. तथापि, आम्हांला जाणवते ते असे की, चित्राविषयीची चूक दुरुस्त झाली, शेतकऱ्याविषयीची तशीच राहिली. ग्रीनबर्गना सहानुभूती नव्हती असे नाही. दिवसभर राबणाऱ्याला अवघड कला समजून घेण्याची उसंत मिळत नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. परंतु १९३९ सालच्या खऱ्या रशियन शेतकऱ्याची अडचण पिकासो की रेपिन ही नव्हती. १९३२ च्या अखेरीस सोव्हिएत राज्याने अंतर्गत पासपोर्टची पद्धत सुरू केली आणि सामूहिक शेतीवरील शेतकऱ्यांना त्यातून वगळले. पासपोर्ट नाही म्हणून शहरात जाऊन राहण्याची मोकळीक नाही. ही स्थिती १९७४ साली नवा नियम होईपर्यंत टिकली. ज्याला गाव सोडण्याचीच मुभा नव्हती, त्याला चित्रसंग्रहालयात उभे करून त्याची अभिरुची तपासली गेली.

हे तेव्हा इंग्रजी वाचकाला ठाऊक नव्हते असे म्हणावे, तर तसेही नाही. मार्च १९३३ मध्ये 'मँचेस्टर गार्डियन'ने माल्कम मगरिज यांची, लेखकाचे नाव न छापता, युक्रेन आणि उत्तर कॉकेशसमधील दुष्काळाची वार्तापत्रे प्रसिद्ध केली होती. मदर तेरेसांवरील त्यांच्या १९७१ च्या पुस्तकामुळे आणि १९८२ मधील कॅथलिक धर्मप्रवेशामुळे मगरिज हे नाव आमच्या वाचकांना परिचित असेल. वेल्श पत्रकार गॅरेथ जोन्स यांनीही त्याच महिन्यात जाहीरपणे साक्ष दिली. उलट 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वॉल्टर ड्युरँटी यांनी दुष्काळ असल्याचे नाकारले. बातमी होती, पण ती वार्ताहरांच्या रकान्यात राहिली, कलेच्या रकान्यापर्यंत आलीच नाही.

आता सनावळ्यांकडे पाहू. समीक्षकाचा निवाडा कधीकधी ग्रंथाच्या नावातील सनांतच दडलेला असतो. कॅमिला ग्रे या तरुण इंग्रज अभ्यासिकेने १९६२ साली 'द ग्रेट एक्स्पेरिमेंट' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. विस्मृतीत गेलेल्या रशियन नवकलेला पश्चिमेपुढे आणण्याचे श्रेय निःसंशय त्यांचे. ग्रंथाच्या नावात सन आहेत १८६३ ते १९२२. १९९२ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने 'द ग्रेट युटोपिया' हे भव्य प्रदर्शन भरवले. त्याचे सन १९१५ ते १९३२. २०१७ साली, क्रांतीच्या शताब्दीनिमित्त, लंडनच्या रॉयल अकॅडमीने प्रदर्शन मांडले. सन १९१७ ते १९३२.

१९३२ येथे रेघ का? कारण २३ एप्रिल १९३२ रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ठराव करून स्वतंत्र लेखकसंघ आणि कलावंतसंघ बरखास्त केले. कलावंताच्या दृष्टीने येथे एक युग संपले, हे खरेच. पण शेतकऱ्याच्या पंचांगात हे वर्ष वेगळ्या कारणाने कोरलेले आहे. सक्तीचे सामूहिकीकरण १९२९-३० च्या हिवाळ्यापासून जोरात सुरू झाले होते. ७ ऑगस्ट १९३२ रोजी एक कायदा झाला. सामूहिक मालमत्तेच्या चोरीस मृत्युदंड, आणि सौम्य परिस्थितीत किमान दहा वर्षांचा कारावास. लोकांनी त्याला 'कणसांचा कायदा' म्हटले, कारण पीक निघून गेलेल्या शेतात पडलेली कणसे वेचणारी माणसेही त्याखाली पकडली गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात आणि वसंतात एकट्या युक्रेनमध्ये सुमारे ३५ ते ४० लाख माणसे उपासमारीने मेली, असा आजचा सर्वमान्य अंदाज आहे. कझाकस्तानातील आणि रशियातील मृत्यू वेगळे.

पीक काढल्यावर शेतात मागे राहिलेल्या या दाण्यांना आपल्याकडे सरवा म्हणतात, आणि सरवा वेचणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही. रूथच्या कथेत परदेशी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचते, तो तिचा हक्क म्हणून. कापणी करताना शेताचे कोपरे आणि पडलेले दाणे गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावेत, अशी लेवीय ग्रंथाची आज्ञाच आहे. एखाद्या राज्याची परीक्षा करायची तर ते सरवा वेचणाऱ्याशी कसे वागते, हा प्रश्न कलावंताच्या स्वातंत्र्याइतकाच मूलभूत नव्हे काय? परंतु प्रदर्शनाच्या नावातील सन पाहावेत, तर रेघ बरोबर या दुष्काळाच्या उंबरठ्यावर ओढलेली आहे. यात कोणाचा कावा नाही. माप कलावंताचे असल्यामुळे गोष्ट तेथे संपते, इतकेच.

आणि तरीही त्या सनांच्या आत एक साक्षीदार उभा आहे. काझिमिर मालेविच १८७९ साली कीवमध्ये एका पोलिश कॅथलिक कुटुंबात जन्मला. वडील साखर कारखान्यांत नोकरीला. त्यामुळे मुलाचे बालपण बीटच्या शेतांजवळच्या युक्रेनी खेड्यांत गेले. १९१५ साली पेत्रोग्रादच्या प्रदर्शनात त्याने आपला 'काळा चौकोन' भिंतींच्या वरच्या कोपऱ्यात टांगला. रशियन घरात त्या कोपऱ्यात पवित्र प्रतिमा ठेवतात. त्या एका चित्रावर इंग्रजीत विपुल लिहिले गेले. पण १९२८ ते १९३२ च्या सुमारास हाच मालेविच पुन्हा शेतकरी रंगवू लागला. रुंद पट्ट्यापट्ट्यांची रिकामी शेते, दूर क्षितिज, आणि पुढे उभी माणसे. त्यांना डोळे नाहीत, तोंड नाही. काहींना हातही नाहीत. याच काळात, १९३० च्या शरदात, त्याला अटक होऊन काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. पिवळा सदरा घातलेल्या एका चेहराहीन धडाच्या चित्रामागे त्याने टीप लिहून ठेवली आहे. रितेपण, एकाकीपण आणि जगण्यातून सुटका नसणे, या जाणिवांतून हे चित्र घडले, असा तिचा आशय. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्याचे आणखी एक चित्र आहे : क्रूस आणि तलवार यांच्या परिसरातून धावत सुटलेला एक शेतकरी.

या चित्रांचे अर्थ कसे लावले गेले? निर्भेळ आकारांच्या कलेकडून माणसाच्या आकृतीकडे परतलेला मालेविच अनेकांना माघार घेतलेला वाटला. म्हणजे येथेही प्रश्न होता तो कलावंत नमला की नाही, हा. या समीक्षकांना दोष देताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे : ही चित्रे दीर्घकाळ लेनिनग्राडच्या रशियन संग्रहालयाच्या कोठारात बंद होती. १९८८-८९ चे मोठे प्रदर्शन लेनिनग्राड, मॉस्को आणि ॲम्स्टरडॅम येथे झाले, त्यानंतर १९९०-९१ मध्ये अमेरिकेत. तेव्हा कुठे ती मोकळेपणी पाहता आली. त्यानंतरच्या अभ्यासकांपैकी काहींनी त्या कोऱ्या चेहऱ्यांत मरू घातलेल्या गावांचा शोक ओळखला. आमची सहमती त्यांच्याशी आहे. मात्र एक पुस्ती जोडावीशी वाटते. कोरा चेहरा हा केवळ शोक नव्हे. ज्याला राज्य धान्याच्या आकड्यात मोजते आणि समीक्षक अभिरुचीच्या उदाहरणात बसवतो, त्याचा चेहरा कोणालाच दिसलेला नसतो. मालेविचने ते न दिसणेच रंगवले.

२०१७ च्या प्रदर्शनाने या प्रश्नाला नवी धार आणली. प्रदर्शन उघडण्यापूर्वीच 'गार्डियन'चे कलासमीक्षक जोनाथन जोन्स यांनी लिहिले की, ही कला म्हणजे एका निर्घृण राजवटीचा प्रचार आहे, आणि लेनिनच्या काळातील कलेचे भाबडे कौतुक म्हणजे हिंसेवर घातलेला गोंडस पडदा आहे. १९३३ साली ज्या वृत्तपत्राने मगरिज यांची वार्तापत्रे छापली, त्याच वृत्तपत्राच्या कलेच्या रकान्यात चौऱ्याऐंशी वर्षांनी हा आवाज उठला, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. जोन्स यांचा संताप प्रामाणिक आहे. लेनिनचा काळ सोज्वळ आणि स्टालिनचा तेवढा काळाकुट्ट, ही सोयीची फाळणी त्यांनी नाकारली, हेही योग्यच. परंतु संपूर्ण कला प्रचारात जमा केली की साक्षीदार आणि भाट यांतील भेदच नाहीसा होतो. १९३७ साली अर्कादी प्लास्तोव्हने 'सामूहिक शेतीवरील उत्सव' रंगवला : भरलेली ताटे, हसणारे गावकरी, वर स्टालिनची तसबीर. तेही सोव्हिएत चित्र, आणि मालेविचचा चेहराहीन शेतकरीही सोव्हिएतच चित्र. दोन्ही एका गठ्ठ्यात बांधणारी टीका कितीही न्यायप्रिय असली तरी तिने आरोपीबरोबर फिर्यादीलाही कोठडीत टाकले आहे.

प्रदर्शनकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या नशिबावर एक दालन ठेवले होते, आणि अखेरीस छळाला बळी पडलेल्यांची छायाचित्रे दाखवणारी एक खोली होती, हेही नोंदवले पाहिजे. या प्रदर्शनाला आधार होता तो १९३२ साली लेनिनग्राडमध्ये भरलेल्या पंधरा वर्षांच्या कलेच्या प्रदर्शनाचा. त्याच्या मांडणीत निकोलाय पुनिन या कलासमीक्षकाचा मोठा वाटा होता. मालेविचला तेथे स्वतंत्र दालन मिळाले होते. पुनिन १९५३ साली उत्तरेतील आबेझ येथील छावणीत मरण पावला. टीका लिहिण्याची किंमत काय असू शकते, हे आपण सुरक्षित अंतरावरून लिहिणाऱ्यांनी विसरू नये.

इंग्रजी समीक्षेत या मापाबाहेर गेलेले कोणी नाही काय? आहेत. टी. जे. क्लार्क यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात व्हितेब्स्क शहरातील मालेविचच्या शिष्यवर्गाची १९२० मधील कला वाचताना त्या वर्षीची टंचाई, पैशाची कोसळलेली किंमत आणि युद्धकालीन साम्यवाद हे सारे चित्राच्या चौकटीत आणले. आणि जॉन बर्जर. त्यांनी १९६९ साली शिल्पकार एर्न्स्ट नेइझ्वेस्त्नी याच्यावर 'आर्ट अँड रेव्हल्यूशन' हे पुस्तक लिहिले. १ डिसेंबर १९६२ रोजी मॉस्कोच्या मानेझ दालनात नवकलेवर संतापलेल्या ख्रुश्चॉव्ह यांना याच शिल्पकाराने समोरासमोर उत्तर दिले होते. आणि १९७१ साली ख्रुश्चॉव्ह वारल्यावर त्यांच्या कुटुंबाने थडग्यावरील स्मारक घडवण्यासाठी त्यालाच बोलावले. काळ्या-पांढऱ्या दगडांचे ते स्मारक आज मॉस्कोच्या नोव्होदेविची दफनभूमीत उभे आहे. बर्जर समाजवादी होते. त्यांनी सोव्हिएत नोकरशाहीवर टीका केली, पण त्या राज्याला मोडीत काढले नाही; टिकून राहणे, सोसूनही न मोडणे, यातच त्यांना नव्या शौर्याची खूण दिसली. या पुस्तकातही मापाचा काटा शिल्पकारावरच आहे. परंतु बर्जर तेथे थांबले नाहीत. १९७० च्या दशकात ते फ्रान्सच्या एका डोंगराळ खेड्यात राहायला गेले, आणि १९७९ च्या 'पिग अर्थ' या पुस्तकाच्या अखेरीस त्यांनी शेतकरी म्हणजे तगून राहण्याची कला जाणणारा वर्ग, असा विचार मांडला. भांडवलशाहीलाही हा वर्ग नकोसा आहे, हे त्यांनी तेथे दाखवले. कलावंताकडून शेतकऱ्याकडे झालेला हा प्रवास आम्हांला त्यांच्या कोणत्याही निवाड्याहून मोलाचा वाटतो.

इतरांची मापे तपासताना आपलेही तपासले पाहिजे. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. त्यांचे माप कलावंताचे नव्हते, राबणाऱ्या माणसाचे होते. प्रश्न अगदी योग्य होता. पण पाहुण्याला राज्य जे दाखवते तेच दिसते. येथे वऱ्हाडातही आम्ही वह्यांवरचा उझबेक कापूस वर्षानुवर्षे पाहिला. त्या कापसासाठी नद्यांचे पाणी वळवले गेले आणि अरल समुद्र आटत गेला, उत्पादनाचे आकडे फुगवलेले होते, हे १९८० च्या दशकात उघड झाले. त्या वडीलधाऱ्या कास्तकाराचा प्रश्न तोवर आम्ही कोणीच पुढे नेला नव्हता.

नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. आणि त्याच महिन्यातील लोकसभा निवडणुकीत अमरावतीने भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख यांना निवडून दिले. पक्षाची निशाणी होती विळा आणि कणीस. येथे कोणी मॉस्कोला मत दिले नव्हते. आपल्यात वावरणाऱ्या माणसाला दिले होते. पण एकाच कणसाच्या दोन कथा आम्हांला नेहमी अस्वस्थ करतात. एका देशात ते वेचले म्हणून माणसे तुरुंगात गेली, आणि दुसऱ्या देशात शेतकरी-शेतमजुरांनी त्याच्यावर शिक्का मारून आपला माणूस दिल्लीला पाठवला. फरक निशाणीत नव्हता. पुढच्या निवडणुकीत तो शिक्का दुसरीकडे मारण्याचा हक्क होता, आणि १९९१ साली अमरावतीने तो बजावलाही.

म्हणून आपण निर्दोष ठरतो असे मात्र नाही. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. सरकार हाच एक ग्राहक असला म्हणजे काय होते, हे खरेदी केंद्रापुढे गाड्यांच्या रांगेत रात्र काढलेल्या कास्तकाराला सांगावे लागत नाही. जुलै २००६ मध्ये आत्महत्यांमुळे पंतप्रधानांना ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर करावी लागली, त्यांत अमरावती आणि अकोला होते. तेव्हापासून आजतागायत ही माणसे वृत्तपत्रांत आकडा म्हणून छापली जातात. मत देण्याचा हक्क असलेल्या राज्यातही चेहरा पुसला जाऊ शकतो.

तेव्हा कलासमीक्षेकडे आमचे मागणे साधे आहे. मालेविचचे धैर्य, पुनिनचे मरण, नेइझ्वेस्त्नीचे उत्तर यांची नोंद ठेवावीच. पण एखाद्या राज्यातील कलेचा निवाडा करताना, त्या कलेत ज्याला रंगवले आहे त्याला एकदा बोलावून त्याचे म्हणणे ऐकावे. सोव्हिएत राज्याचा हिशेब असा मांडला, तर तो आज आहे त्याहून सौम्य ठरणार नाही. बहुधा अधिक कठोर ठरेल. पण तो कठोरपणा मग शीतयुद्धातील कोणत्याही पक्षाच्या कामाचा राहणार नाही, कारण तोच प्रश्न आपल्या दारातही येऊन उभा राहील.

गणिताची ती वही केव्हाच रद्दीत गेली. चित्रातल्या बायकांची नावे त्या पानावर नव्हती. भावही नव्हता.